२६ मेनंतर मालवणात स्कुबा आणि किल्ला दाखवतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

२७ मेला सकाळी साडेअकराच्या सुमारास आम्ही पाच जण सामानासकट मालवणच्या जेटीवर उभे होतो. समोर सिंधुदुर्ग किल्ला. इतका जवळ, की तटाच्या आतले माड स्पष्ट दिसत होते. पण किल्ल्याकडे जाणारी एकही होडी पाण्यात नव्हती. तिकिटाची खिडकी बंद होती. जाळं नीट करत बसलेल्या एका काकांना माझ्या नवऱ्याने विचारलं, पुढची बोट किती वाजता? त्यांनी आमच्या बॅगांकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "खंयसून इलात? बोटी कालपासून बंद आसत. आता सप्टेंबराक."

आमच्या हातात मात्र त्याच दिवसाचं 'कन्फर्म' पॅकेज होतं. दोन रात्री राहणं, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण, किल्ल्याची बोट, स्कुबा, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड. पाच जणांचे मिळून २१,२०० रुपये, आणि आम्ही १४,१०० आधीच देऊन बसलो होतो.

हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण ज्या क्रमाने आम्ही फसलो त्याच क्रमाने अजून कितीतरी कुटुंबं फसत असणार. सुट्टी संपत आलेली असते, मुलांना कुठे नेलेलं नसतं, नवऱ्याची रजा महिनाअखेरीलाच मंजूर होते. अशा वेळी मोबाईलवर एक जाहिरात येते. आमच्याकडे आली ती तारकर्लीच्या एका घराची. पिवळ्या भिंती, समोर खाडी, माडांच्या मधे बांधलेला झोपाळा. खाली लिहिलेलं, 'मे अखेरची खास ऑफर, फक्त दोन रूम शिल्लक'.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीने बोलायचा. मला ताई, सासूबाईंना आई. मुलगा चौथीत शिवराय शिकलेला, त्यामुळे त्याला सिंधुदुर्ग पाहायचाच होता. सासूबाईंना तर त्याहून जास्त. किल्ल्यातलं शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं आणि तटात चुन्यावर उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, हे त्या मुलांना कितीदा तरी सांगायच्या. त्यांचं वय ६८, गुडघे दुखतात, पुढच्या वर्षी होडीत चढणं जमेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. हे मी त्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "काळजी करू नका ताई, आईंना आमची मुलं हात धरून होडीत बसवतील." या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. आज सगळ्यात जास्त राग त्या वाक्याचाच येतो.

पहिली खूण तिथेच होती आणि ती माझ्या लक्षात आली नाही. मी विचारलं, स्कुबा कोण कोण करू शकतं? तो म्हणाला, "सगळे. आई पण, छोटी पण." माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि सासूबाईंना रक्तदाबाची गोळी आहे. खरं स्कुबा करवणारे लोक आधी वय विचारतात, दमा किंवा हृदयाचा त्रास आहे का विचारतात, फॉर्म भरून घेतात, उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव करवतात आणि मगच खाली नेतात. लहान मुलांना आणि आजारी माणसांना ते सरळ नाही म्हणतात. जो माणूस कुणालाच नाही म्हणत नाही, त्याने बहुधा पाण्यात कधी कुणाला नेलेलंच नसतं.

दुसरी खूण पैसे पाठवताना. त्याने क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर जे नाव आलं ते घराचंही नव्हतं आणि त्या माणसाचंही नव्हतं, अगदीच तिसरं. नवऱ्याने विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं, "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, सर." आणि लगेच त्याने स्वतःच्या आधार कार्डाचा फोटो पाठवला. आम्हाला वाटलं, आधार कार्ड देतोय म्हणजे माणूस खरा. नंतर सायबर पोलिसांनी सांगितलं की ते कार्डही बहुतेक आमच्यासारख्याच कुणाकडून मिळवलेलं असतं. बुकिंगसाठी पाठवा म्हणून आमचीही आधार कार्डं त्याने मागून घेतली होती. ती आता कुठे फिरत असतील, या विचाराने अजून झोप उडते. द्यायचीच वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

१०,६०० रुपये अ‍ॅडव्हान्स ८ मेला गेले. २६ मेच्या दुपारी, निघायच्या दिवशी, त्याचा पुन्हा फोन. किल्ल्याचा पास आणि स्कुबाचा विमा, माणशी ७०० रुपये, तिथे पोचल्यावर परत मिळणार. पाच जणांचे ३,५००. आम्ही बॅगा भरत होतो, डबे बांधत होतो, रात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस पकडायची होती. त्या घाईत तेही पाठवले. मागून कळलं की किल्ल्याच्या होडीचं तिकीट जेटीवर मिळतं, जसजशी होडी भरेल तशी सुटते. आगाऊ पास आणि त्यावर परत मिळणारी अनामत हा सगळा बनाव होता.

आणि तिसरी खूण, जी एकटी पुरली असती, ती होती तारीख. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी, साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत, प्रवासी होड्या आणि जलक्रीडा मेरीटाईम बोर्डाच्या आदेशाने बंद असतात. मालवणातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. आम्हा डोंबिवलीकरांना नव्हतं. नियम उगाच केलेला नाही. मे संपता संपता समुद्र बदलतो, लाटा वाढतात, वारा फिरतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. बंदीच्या दोन दिवस आधीची ही गोष्ट. बंदीनंतर कुणी गुपचूप नेतो म्हणत असेल, तर पैशापलीकडचाही धोका आहे.

जेटीवर परत येते. पॅकेजवाल्याचा फोन लागत नव्हता, पण पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला. 'सॉरी सर, हवामानामुळे बुकिंग रद्द. पूर्ण १४,१०० रिफंड देतो. हा कोड स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका, पैसे जमा होतील.' नवऱ्याने स्कॅन केलं, आकडा टाकला. उन्हात उभं राहून, मुलगी रडत असताना, माणसाला दुसरं काही सुचत नाही. जाळंवाल्या काकांचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा शेजारी येऊन उभा होता. त्याने नवऱ्याचं मनगटच धरलं. "दादा, पैसे घेताना पिन लागत नाय. पिन टाकलास की गेले." यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच. तो मुलगा नसता तर आमचे आणखी १४,१०० गेले असते.

त्यानेच फोटोतलं घर ओळखलं. ते तारकर्लीचं नव्हतंच, शेजारच्या देवबागचं होतं. त्याने ओळखीतून नंबर काढून घरमालकिणीला फोन लावला. त्या बाई फोनवर अक्षरशः रडकुंडीला आल्या. त्यांच्या घराचे फोटो कुणीतरी उचललेत, महिन्याभरात चौथं कुटुंब आहे तुमचं, लोक दारात येऊन आम्हालाच चोर म्हणतात, म्हणाल्या. खाडीकाठी घर बांधून, कर्ज काढून, पहाटे उठून पाहुण्यांसाठी घावणे घालणाऱ्या बाईचं नाव कुणीतरी दुसराच बुडवतो आहे. आमचे पैसे गेले. त्यांची तर सगळी अब्रूच पणाला लागली आहे.

तिथूनच १९३० वर फोन केला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाईन नंबर, पाठ करून ठेवा. त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर मागितला, तो पैसे पाठवल्याच्या पावतीवर असतो. रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी, आपली बँक, एवढं हाताशी असलं की तक्रार पटकन नोंदते. बँकेलाही लगेच कळवलं. परिणाम असा झाला की आदल्या दुपारी पाठवलेले ३,५०० पुढच्या खात्यात सापडले आणि गोठवले गेले. ८ मेचे १०,६०० कधीच पुढे सरकून काढले गेले होते. फसवणूक लक्षात येताच पहिल्या तासात फोन करा असं का सांगतात, ते त्या दोन आकड्यांवरून मला समजलं. घरी जाऊन, शांतपणे विचार करून, मग करू, असं अजिबात करू नका.

त्या रात्री आम्ही दांडी किनाऱ्याजवळ एका घरी राहिलो. ही ओळखही त्याच मुलाने करून दिली. आगाऊ एक रुपया मागितला नाही. संध्याकाळी त्या घरच्या वहिनींनी आम्हाला मोरयाचा धोंडा दाखवला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी किल्ल्याचा मुहूर्त केला, त्या वेळी इथे पूजा झाली असं सांगतात. खडकात गणपती कोरलेला आहे. सासूबाईंनी तिथे डोकं टेकलं आणि मग कितीतरी वेळ किल्ल्याकडे तोंड करून हात जोडून उभ्या राहिल्या. मुलगा त्यांना सांगत होता, आजी, आत तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चहूकडे खारं पाणी आणि आत गोडं. त्या नुसतं हं, हं करत होत्या. मला तिथे थांबवेना.

वहिनींनी जेवताना जे सांगितलं ते जसंच्या तसं पुढे देते. कुठल्याही घराचं बुकिंग करताना व्हिडिओ कॉल करा आणि अंगण, फाटक, रस्ता दाखवायला सांगा. खरा माणूस कामात असला तरी संध्याकाळी दाखवतो. शेजारच्या दुकानाचं, देवळाचं नाव विचारा. एसटी स्टँडवरून रिक्षा किती घेते विचारा. गावचा माणूस न अडखळता सांगेल. स्कुबासाठी तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे फोन करून त्या तारखेला समुद्र चालू आहे का, एवढं विचारलं तरी पुरतं. आणि उन्हाळ्यात यायचं तर मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत या, नाहीतर ऑक्टोबरनंतर.

आम्ही नोव्हेंबरची तिकिटं काढली आहेत, त्याच वहिनींकडे. सासूबाईंचे गुडघे तोवर साथ देवोत.

काल रात्री मी ते जाहिरातीचं पान पुन्हा शोधलं. नाव बदललंय, फोन नंबर बदललाय. पिवळ्या भिंती, खाडी आणि झोपाळा तोच. 'फक्त दोन रूम शिल्लक. १० ते १२ जून. स्कुबा आणि किल्ल्याची बोट समाविष्ट.' मी तक्रार नोंदवली आहे. आज सकाळपर्यंत ते पान चालूच होतं आणि खाली तिघांनी दर विचारला होता.