पावतीवर ‘टूर पॅकेज’ लिहिलं होतं

मी आयटीआय फिटर. लोट्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे आठ वर्षं काढली आणि मग दुबई डोक्यात बसली. आमच्याकडे एजंट शोधावा लागत नाही, तोच लग्नाकार्यात भेटतो. मला तसाच भेटला. १,८०० दिरहम पगार, राहणं-जेवण कंपनीचं, दोन वर्षांचा कंपनी व्हिसा. त्याच्या अंधेरीच्या ऑफिसात सरकारी लायसन्स फ्रेम करून टांगलेलं. त्यावरचं नाव वेगळं आणि माझ्या पावतीवरचं वेगळं, हे मी सगळं आटोपल्यावर पाहिलं.

चार हप्त्यांत ९५ हजार गेले. नोंदणी असलेल्या एजंटला कामगाराकडून फार तर ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर एजंटची नोंदणी फुकटात तपासता येते. मी विचारलं कोणाला, तर त्याच्याच ऑफिसात बसलेल्या पोरांना!

व्हिसा हातात पडला तो विमानतळाच्या गेटबाहेर, फ्लाइटला चार तास असताना. व्यवसायाच्या रकान्यात इंग्रजीत छापलेलं : काम करण्यास परवानगी नाही. एजंट म्हणाला, “अरे, तिकडे चेंज होतो. कोणी विचारलं तर फिरायला चाललोय सांग.” मी दहावी पास, पासपोर्टवर ईसीआर (कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी हवी, असा शेरा) नाही, त्यामुळे एमिग्रेशन क्लिअरन्सचा, म्हणजे त्या सरकारी मंजुरीचा, प्रश्नच आला नाही. खऱ्या कामाच्या व्हिशाला आधी सहीचं ऑफर लेटर, मग कंपनीच्या नावावर एंट्री परमिट, पोचल्यावर मेडिकल आणि एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र), आणि हा खर्च कंपनीने करायचा असतो. माझ्याकडे यातलं एकही नव्हतं, तरी मी बॅग उचलली. घरच्यांनी पेढे वाटून झाले होते ना.

दुबईत अल कूझला एका खोलीत आठ जण. काम भरपूर, पगार ‘व्हिसा चेंज झाल्यावर’. व्हिजिट व्हिशाचे ६० दिवस संपत आले तेव्हा पैसे मागितले. सुपरवायझर हसला. “व्हिजिटवर काम करतोयस, जा, कर कंप्लेंट.” केली असती तर आधी मीच अडकलो असतो. मुदतीवर ११ दिवस जास्त झाले, दिवसाला ५० दिरहम दंड. तिकिटाचे पैसे मेव्हण्याने पाठवले.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी पावती उलटसुलट करून पाहिली. ‘टूर पॅकेज’, रक्कम, सही. बाकी काही नाही.

“टूरला गेलात, परत आलात,” ते म्हणाले. “मग तक्रार काय लिहू?”