१७० सेंमीचा प्लास्टिकचा सांगाडा: आठ महिने वर्गात वापरल्यावर

सांगाडा विकत घेताना जो तो कवटी उघडून बघतो. बघायचा असतो तो कोपराखालचा भाग.

अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणजे अवयवांच्या दिशा सांगताना गृहीत धरायची ठरलेली ठेवण: शरीर ताठ उभं, नजर समोर, पावलं जुळलेली, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे. खोक्यातून निघालेल्या या सांगाड्याचे तळवे मांड्यांकडे होते. मनगटाची तार पिळून तळवा पुढे आणता येतो, पण तो आभास. रेडियस (कोपराखालचं अंगठ्याकडचं हाड) अजून अल्नावर (करंगळीकडच्या हाडावर) तिरकीच असते आणि मुलं तेच चित्र डोक्यात घेऊन जातात. कोपराकडून बघा: दोन्ही हाडं समांतर, मधे सलग फट, अंगठा बाहेरच्या बाजूला. तसं नसेल तर मनगटाजवळचा स्क्रू सैल करून रेडियसचं खालचं टोक फिरवायचं आणि मगच आवळायचं. काही स्वस्त मॉडेलांत कोपराशी रेडियस पिनेने पक्की असते, ती फिरतच नाही. अशी घेऊच नका. फिरणारी असली की एक गोष्ट लगेच पटते: तळवा मागे वळवला तरी रेडियस लॅटरलच, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेपासून लांबची, म्हणायची, कारण नावं अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनवरून ठरतात, हात आत्ता कुठे आहे त्यावरून नाही.

पावलांचं दुखणं वेगळं. स्टँडचा दांडा कमरेत बसतो, त्यामुळे पावलं अधांतरी लोंबतात आणि बाहेर वळतात. टाचांखाली थर्माकोलचा ठोकळा आणि दोन्ही घोट्यांना मिळून एक इलॅस्टिक, एवढ्यावर भागतं.

प्रतलं, म्हणजे शरीराचे काल्पनिक काप, शिकवायला मात्र कवटी झकास. सॅजिटल शिवण (कवटीच्या हाडांमधली सांध्याची रेघ) डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाते, कोरोनल शिवण आडवी, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. दोन प्रतलांची नावं जणू तिथेच कोरलेली. यातल्या शिवणी पुसट होत्या, त्या रंगीत पेन्सिलीने गिरवाव्या लागल्या. ट्रान्सव्हर्स, म्हणजे आडव्या प्रतलासाठी दोन्ही इलियाक क्रेस्टच्या (कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांच्या) सर्वांत उंच बिंदूंवरून फीत गुंडाळा. ती साधारण चौथ्या लंबार (कमरेच्या) मणक्यावरून जायला हवी. फारच वरखाली गेली, तर मणके किंवा कंबर नीट जोडलेली नाही.

डावं-उजवं हा रोजचा घोळ. समोर उभं राहणारा स्वतःचं डावं सांगतो. सांगाड्याच्याच खांद्यांवर ‘उ’ आणि ‘डा’ चिकटवा. पुढे सीटी स्कॅन बघताना याचा उपयोग होतो, कारण त्यातला शरीराचा आडवा काप पायांकडून बघतात आणि यकृत चित्रात डावीकडे दिसतं.

सुपरफिशियल-डीप (त्वचेजवळचं आणि खोलवरचं) यावर शिकवता येत नाही, त्वचा-स्नायूच नाहीत. हाडंही २०६ भरत नाहीत: कानातली ६ आणि हायॉइड (जिभेच्या मुळाशी असलेलं गळ्यातलं हाड) यात नाही. माझे गुण पाचपैकी साडेतीन, आणि तो अर्धा कवटीमुळे.

पावसाळ्यात जबड्याची स्प्रिंग गंजते. जूनच्या आधी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. जास्त सोडलंत तर तेल दातांवर उतरतं आणि त्यावर धूळ बसते.