डिझायर, अमेझ, ऑरा की टिगोर? रोज पन्नास किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याने कोणती घ्यावी

मावसभावाला गाडी घ्यायची आहे. राहतो पुण्यात धायरीत, ऑफिस हिंजवडी फेज ३ ला, येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर, आठवड्याचे पाच-सहा दिवस. बजेट ऑन-रोड दहा लाख, इकडेतिकडे थोडं ताणेल. गेल्या रविवारी त्याने मला एक्सेल शीट पाठवली, चार गाड्या आणि बत्तीस रकाने, त्यात सनरूफ दुसऱ्या रकान्यात आणि गिअरबॉक्स सत्ताविसाव्या. तिथंच समजलं की ह्याला फोनवर सांगून भागणार नाही. म्हणून लिहून काढलं, त्याच्यासाठी आणि रोज संध्याकाळी भूमकर चौकात पाय क्लचवर ठेवून बसणाऱ्या बाकीच्यांसाठी पण.

सेडानच का, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेलीच गाडी का, तर त्याला डिकी लागते. महिन्यातून एकदा कराडला जाणं, येताना तांदूळ, गूळ, शेंगदाणे, आणि कोणाच्या ना कोणाच्या तरी दोन पिशव्या. हल्ली सगळे पंच नाहीतर एक्स्टरसारख्या छोट्या एसयूव्ही घेतात, घेऊ देत, त्यावर वाद नाही.

मारुतीची डिझायर, होंडाची अमेझ, ह्युंदाईची ऑरा आणि टाटांची टिगोर, चारही गाड्या चार मीटरला पाच-सात मिलिमीटर कमी. हे काही डिझाइनवाल्यांना सुचलेलं नाही, टॅक्समुळे झालंय. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर टॅक्स कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ह्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी सेस धरून २९ होता, आणि मोठ्या सेडानवर ४०. म्हणून व्हर्ना, सिटी वगैरे ह्या चर्चेतच नाहीत. डिझेल पण विसरा, ह्या चारांत आता कुणीच देत नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे सत्ताविसावा रकाना. रोज दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये जाणार असतील तर तुमचा संबंध सनरूफशी येत नाही, गिअरबॉक्सशी येतो. मॅन्युअल चारहीमध्ये मिळतो आणि चारहीमध्ये बरा आहे. डिझायर आणि ऑराचा क्लच मला हलका वाटला, अमेझचा पण ठीक, टिगोरचा त्या मानाने थोडा जड. पण डावा गुडघा एकदा कुरकुरायला लागला की माणूस ऑटोमॅटिककडे वळतोच, आणि तिथं मात्र ह्या चार गाड्या अगदी दोन वेगळ्या जातीच्या होतात.

डिझायर, ऑरा आणि टिगोर एएमटी देतात. एएमटी म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्या ऐवजी मशीन करतं. त्यामुळे स्वस्त पडतो, मायलेज मॅन्युअलइतकंच किंवा जरा जास्तच, आणि दुरुस्ती पण ओळखीची. पण गिअर बदलताना एक हलकासा धक्का बसतो, मान पुढे जाते आणि मागे येते. एका गिअरला काही वाटत नाही हो, पण वाकड पुलापासून फेज ३ पर्यंत पहिला-दुसरा-पहिला-दुसरा असं शंभर वेळा झालं की कळतं. अमेझमध्ये सीव्हीटी आहे, त्यात ठरलेले गिअरच नाहीत, दोन पुली आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा, पुलीचा आकार कमी-जास्त होत राहतो आणि गाडी लोण्यासारखी सरकते. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर आधी इंजिन ओरडतं आणि मग गाडी पळते, तेवढा एक दोष. पण ट्रॅफिकमध्ये जोरात दाबायला जागा कुठं असते?

आमची आधीची गाडी एएमटी होती, कंपनीचं नाव जाऊ दे, ५२ हजार किलोमीटरला क्लच प्लेट गेली. अर्धी चूक माझीच. वारज्याकडून चांदणी चौकाकडे चढताना ट्रॅफिक थांबलं की मी ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवायचो, ऑटोमॅटिक आहे ना म्हणून. एएमटीला आतमध्ये क्लच असतोच आणि तो असा घासून घासून मरतो, हे मला बिल हातात आल्यावर कळलं. आताच्या डिझायर आणि अमेझला सगळ्या व्हेरियंटमध्ये हिल होल्ड आहे, गाडी दोन-तीन सेकंद मागे येत नाही, त्याचा वापर करा, पायाने खेळत बसू नका.

इंजिनचं बोलायचं तर अमेझ आणि ऑरा चार सिलिंडर, डिझायर आणि टिगोर तीन सिलिंडर. कागदावर चौघांत फार फरक नाही. ताकद पीएसमध्ये मोजतात, अमेझ ९० पीएस, टिगोर ८६, ऑरा ८३, डिझायर ८२. पण सिग्नलला उभं राहिल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवा, फरक हाताला कळेल. चार सिलिंडरवाल्या शांत असतात. आधीच्या पिढीच्या डिझायरला चार सिलिंडरचं ९० पीएसचं इंजिन होतं, नोव्हेंबर २०२४ ला नवीन आली तेव्हा तीन सिलिंडरचं आलं. मायलेज वाढलं पण ती जुनी मऊ चाल थोडी गेली, ज्यांच्याकडे जुनी आहे ते हे लगेच सांगतील. रोजच्या वापरात मात्र नवीन डिझायरचं कमी आरपीएमवर चालणं मला आवडलं, ४० च्या स्पीडला चौथ्यात तक्रार न करता जाते.

आणि मायलेज. कंपनीचे आकडे असे की डिझायर मॅन्युअल २४.७९, एएमटी २५.७१, अमेझ मॅन्युअल १८.६५, सीव्हीटी १९.४६. हे आकडे हिंजवडीत कुणालाच मिळत नाहीत. आपण ट्रॅफिकमध्ये डिझायर एएमटी १६ आणि अमेझ सीव्हीटी १२ धरू, हे माझं धरणं आहे, तुमच्या पायावर अवलंबून थोडं वर-खाली होणार. रोज ५० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, म्हणजे वर्षाला १४,४०० किलोमीटर. डिझायरला ९०० लिटर, अमेझला १,२००. फरक ३०० लिटरचा, १०४ रुपयांनी ३१,२००, म्हणजे महिन्याला २,६०० रुपये. लाँचच्या वेळी डिझायर व्हीएक्सआय एएमटी एक्स-शोरूम ८.२४ लाख होती आणि अमेझ व्ही सीव्हीटी ९.२० लाख, नंतर जीएसटीमुळे दोन्ही उतरल्या, पण सीव्हीटीला जास्तीचे पैसे पडतातच. तर प्रश्न असा की रोज मान न हलता घरी पोचायला महिन्याला अडीच हजार आणि वर सुरुवातीचे ते जास्तीचे पैसे द्यायची तयारी आहे का. माझी आहे. भाऊ पंचविशीतला आहे, त्याची नसेल, तो त्या पैशात दोनदा कोकणात जाऊन येईल.

सीएनजीचा हिशेब वेगळा आणि तो मोहात पाडणारा आहे. हिशेबाला डिझायर सीएनजी ट्रॅफिकमध्ये किलोला २४ धरली, कंपनी ३३.७३ म्हणते, तर वर्षाला ६०० किलो, ९० रुपयांनी ५४ हजार. पेट्रोल मॅन्युअलला तेच १६ च्या हिशेबाने साधारण ९३,६००. वर्षाला चाळीसेक हजार वाचले आणि सीएनजी व्हेरियंटला वरचे साधारण ९० हजार, म्हणजे सव्वादोन वर्षांत फिटलं. शिवाय महाराष्ट्रात सीएनजीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, सीएनजीला आधी ७ होता, २०२५ च्या बजेटमध्ये एक टक्का वाढवला, तरी फरक आहेच. ऐकायला छान. पण पंपावरच्या रांगेत आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटं उभं राहायचं हे त्या शीटमध्ये कुठंच नव्हतं. गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करून घ्यायची, ते पण विसरतात लोक. आणि पॉवर उतरते, डिझायर सीएनजीवर ७० पीएसच्या आत येते. एकटा असाल तर जाणवत नाही, पण पाच माणसं, एसी आणि खंबाटकीचा घाट असं झालं की दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे मागे जायची मनाची तयारी ठेवा.

शिवाय डिकी. आपण सेडान कशासाठी घेतोय, डिकीसाठी, आणि सीएनजी घेतली की डिकीत सिलिंडर. डिझायरची ३८२ लिटरची डिकी सीएनजीमध्ये जवळजवळ संपते, दोन सॅक आणि एक टिफिनची पिशवी. इथं टिगोरला मानलं पाहिजे. टाटांनी २०२३ मध्ये एका मोठ्याऐवजी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाला आडवे बसवले, वर सामान ठेवायला खरोखर जागा उरते. आणि २०२४ मध्ये सीएनजीबरोबर एएमटी दिला, देशात सगळ्यात आधी. म्हणजे सीएनजी पण हवा, क्लच पण नको, डिकी पण हवी, असं ज्याचं म्हणणं आहे त्याने टिगोर सोडून बाकी बघायची गरजच नाही, कारण डिझायर आणि ऑराला सीएनजीत मॅन्युअलच आहे, आणि अमेझला कंपनीचा सीएनजी नाहीच, डीलरकडून बसवून घ्यावा लागतो.

मग टिगोर का नाही घेत सगळे? कारण ती गाडी २०१७ ची आहे आणि ते आत बसल्यावर कळतं. मागची सीट तिघांना अरुंद, तीन सिलिंडरचा आवाज आत येतो. ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाडी आदळून सुरक्षा तपासणाऱ्या टेस्टमध्ये, २०२० साली ४ स्टार मिळाले होते, त्या काळी ते मोठं होतं, पण तेव्हाची टेस्ट आताइतकी कडक नव्हती. डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने मोठ्यांच्या सुरक्षेत ५ स्टार दिले, मारुतीची पहिली ५ स्टार गाडी ती. मारुती म्हणजे पत्रा असं म्हणणारे आमचे काका त्या दिवसापासून गप्प आहेत. अमेझची मागची पिढी २०२४ मध्ये २ स्टारवर आली होती, नवीन अमेझने भारत एनकॅपमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या तशाच टेस्टमध्ये, ५ घेतले. म्हणून सेकंड हँड अमेझ बघत असाल तर हे दोन वेगळे आकडे डोक्यात ठेवा, नाव एकच असलं तरी गाड्या वेगळ्या आहेत. सहा एअरबॅग डिझायर, अमेझ, ऑरा तिघींमध्ये खालच्या व्हेरियंटपासून आहेत.

अमेझच्या वरच्या व्हेरियंटमध्ये कॅमेऱ्यावर चालणारी एडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, पण आहे. हायवेला ठीक. लेन दाखवणारे पट्टेच जिथं पुसलेत तिथं ती काय करणार.

ऑराबद्दल मी कमी बोललो कारण ऑरा ही कशातच पहिली येत नाही आणि कशातच शेवटची येत नाही. चार सिलिंडर, शांत, एसी जबरदस्त थंड, ४०२ लिटर डिकी, कंपनीचा सीएनजी. ज्याला मॅन्युअलच चालवायचाय आणि तीन सिलिंडरची थरथर नको आहे त्याने ऑराची टेस्ट ड्राइव्ह चुकवू नये. लोकांना ती कॅबवाली गाडी वाटते. अहो, डिझायर काय वेगळी आहे? एअरपोर्टला उभं राहून बघा. आणि मी तर म्हणेन की कॅबवाले जी गाडी घेतात ती दोन-तीन लाख किलोमीटर पळते म्हणूनच घेतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

भरवशाची म्हणजे काय तर सोमवारी सकाळी साडेसातला चालू झाली पाहिजे, आणि नाही झाली तर दुपारपर्यंत चालू करून देणारा कुणीतरी जवळ पाहिजे. ह्या दुसऱ्या भागात डिझायर सगळ्यांच्या पुढे आहे. कराड सोडा, कराडच्या पुढच्या गावात पण तिचा पार्ट मिळतो आणि मेकॅनिकला ती तोंडपाठ असते. होंडाचं १.२ चं इंजिन त्रास न देणारं म्हणून वर्षानुवर्षं ओळखलं जातं, तीन वर्षं किलोमीटरची मर्यादा नसलेली वॉरंटी आहे, पण सर्व्हिस सेंटर कमी, आणि सीव्हीटीचं ऑइल वेळच्या वेळी बदललं नाही तर नंतरचं बिल बाहेरच्या मेकॅनिकच्या आवाक्यातलं नसतं. डिझायर आणि ऑराची वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, पण वर्षाला १४-१५ हजार चालवणाऱ्याला मर्यादा असली काय नसली काय, सारखंच.

भावाला मी सांगितलं ते असं. पुढची पाच-सहा वर्षं हेच ऑफिस असेल आणि ईएमआयने गळा धरलेला नसेल तर अमेझ सीव्हीटी, मधलं व्हेरियंट, डोळे झाकून. पैशाची ओढ असेल तर डिझायर पेट्रोल एएमटी, सीएनजी नको, कारण तुला डिकी पाहिजे. त्यावर तो म्हणाला, मग सनरूफ? डिझायरला आहे, पण सगळ्यात वरच्या व्हेरियंटला, आणि मे महिन्यात चांदणी चौकात ते उघडून दाखव, मी तुला मिसळ खाऊ घालतो.

आता टेस्ट ड्राइव्हचं. शोरूमवाले शोरूमच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर दोन चक्कर मारून आणतात, तिथं सगळ्याच गाड्या भारी वाटतात. संध्याकाळी साडेसहाची वेळ मागून घे, जमलं तर वारज्याचा चढ धर, एसी चालू, मागे मावशीला बसव. तिला बसताना-उठताना किती वाकावं लागतं ते बघ, सेडान खाली असते आणि अमेझ १७२, डिझायर १६३ मिमी हे ग्राउंड क्लिअरन्सचे आकडे तिच्या गुडघ्यांना काही सांगत नाहीत. दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालव. एक आज आणि एक पुढच्या शनिवारी असं केलंस तर पहिली विसरतोस आणि सेल्समनचंच खरं वाटायला लागतं.