हापूस बाहेर पाठवायचाय? युरोप की अमेरिका, आधी हे बघा

बागायतदार पहिलं विचारतात ते ड्युटी किती लागते, पण आंबा ड्युटीवर क्वचितच अडतो, तो अडतो फळमाशीवर, फवारणीवर आणि कागदावर, आणि युरोप नि अमेरिका तुम्हाला वेगवेगळ्या ठिकाणी धरतात.

युरोप तुमची बाग तपासतो. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याचा फळात उरलेला अंश सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंतच चालतो, म्हणजे तुडतुड्यांवर शेजाऱ्याने सांगितलं म्हणून मारलेलं औषध रिपोर्टमध्ये येऊन अख्खा लॉट घालवू शकतं. त्यामुळे मँगोनेटवर (निर्यातीच्या आंबा बागा नोंदवायची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) नोंदणी आणि फवारणीची वही हवीच, तीही रोजच्या रोज लिहिलेली. फळमाशीसाठी ४८ अंशाच्या पाण्यात तासभर आंबा ठेवतात. कोवळा आंबा असला की साल डागाळते, मग देखणी फळंसुद्धा बाजूला काढावी लागतात आणि जीव तुटतो, म्हणून चौदा आणे, म्हणजे सोळातले चौदा भाग, तयार झालेलाच उतरवा. आणि हे लोक ऐन सीझनलाही दार बंद करतात, १ मे २०१४ पासून केलंच होतं, हापूसबरोबर कारली, पडवळ, वांगी, अळूसुद्धा, आंब्यासाठी ते उघडलं २०१५ उजाडल्यावर.

अमेरिकेला मुख्य अट विकिरणाची, म्हणजे किडीसाठी फळाला किरण देण्याची, किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक). २००७ ला आंबा परत सुरू झाला तो याच अटीवर. पेटी भरल्यावर किरण देतात, फळ ना भिजतं ना तापतं, हापूसच्या सालीला हे मला जास्त मानवणारं वाटतं. (औषधांचे नियम तिथेही आहेत बरं का.) पण वाशी, लासलगाव अशी मोजकीच केंद्रं, त्यात त्यांचा इन्स्पेक्टर हजर हवा, म्हणजे नंबर लागेपर्यंत आंबा पिकायला लागतो. शिवाय कागद! मे २०२५ मध्ये विकिरणाच्या कागदपत्रांतल्या चुकीवरून १५ शिपमेंट तिथल्या विमानतळांवर अडवल्या, परत आणणं परवडेना म्हणून माल तिथेच नष्ट केला. वर्षभर जपलेलं फळ असं जातं तेव्हा फार वाईट वाटतं हो.

माझं मत विचाराल तर वही नीट असेल आणि पहिलंच वर्ष असेल तर युरोप, तोही थोड्या पेट्यांनी. अमेरिका तेव्हाच, जेव्हा एक्स्पोर्टरकडे विकिरणाची तारीख पक्की असेल, नुसतं "होऊन जाईल" यावर आंबा उतरवू नका. वहीच नसेल तर यंदा दोन्ही नको, वाशीच्या बाजारालाच पाठवा आणि पुढच्या मोहोरापासून लिहायला लागा.

आणि कुठेही पाठवा, माल रिजेक्ट झाला तर नुकसान कोणाचं, हे एक्स्पोर्टरकडून आधी लेखी घ्या.