दंड भरून सुटणार होतो, वकील मॅडमनी अडवलं. पाचातले चार स्टार

एक स्टार का कापला ते खाली लिहितो, आधी काम कसं केलं ते सांगतो कारण तेच जास्त महत्त्वाचं.

ऑगस्ट २०२४. डिचोलीहून म्हापशाला कामावर चाललेलो, अस्नोड्याच्या पुढे पाऊस असा की वायपर फुल्ल टाकून पण समोरचं धड दिसेना, त्यामुळे मी चाळीसच्या वर नसेनच, आणि डाव्या हाताच्या आतल्या रस्त्याने एक स्कूटर थेट मेन रोडवर. धाड. माझ्या मागच्या दरवाज्यावर. पोरगा पडला, कोपर-गुडघा सोलला, १०८ ला फोन पण मीच केला, आणि संध्याकाळी केस कोणावर तर माझ्यावर! भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे आधीचं २७९, बेदरकार गाडी चालवणं. वर दुखापतीचं १२५. जामीनपात्र आहे म्हणून बॉण्डवर त्याच दिवशी घरी आलो पण झोप कसली लागते.

आता ज्याला त्याला विचारलं तो एकच सांगायचा. कबूल कर, हजार रुपये दंड भर, सुटलास. मेहुणा तर म्हणाला वकिलाला देतोस त्या पैशात नवीन दरवाजा बसेल. मलाही पटलेलं, खरंच, ह्या ऑफिसात मी आलो ते फक्त 'कबूल करताना काय बोलायचं' एवढं विचारायला.

मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, कामधंदा काय करतोस. म्हटलं आता इथेच आहे पण कतारला ड्रायव्हरचं बघतोय. त्या हसल्या. म्हणाल्या, २८१ ला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, तुला बहुतेक दंडच होईल, पण दंड म्हणजेसुद्धा दोषी ठरलास, ते पोलीस क्लिअरन्सच्या (परदेशी जायला लागतो तो पोलिसांचा दाखला) वेळी निघणार, आणि उद्या त्या पोराने नुकसानभरपाईचा दावा घातला तर तुझा कबुलीजबाब तिथे तुझ्याच विरुद्ध दाखवतील. हे मला तोवर एकाही माणसाने सांगितलेलं नव्हतं.

मग एका रविवारी त्या स्वतः जागा बघून आल्या. (मी सोबत होतो, छत्री धरायला.) पंचनाम्याच्या नकाशात तो आतला रस्ताच काढलेला नव्हता, नुसती सरळ रेघ! आणि मोटार वाहन निरीक्षकाच्या रिपोर्टात डेंट मागच्या डाव्या दरवाज्यावर लिहिलेला. म्हणजे मी स्कूटरला ठोकलं असतं तर मार पुढे लागला असता ना, ही गोष्ट मी स्वतः रोज तो डेंट बघून सुद्धा डोक्यात आली नव्हती.

उलटतपासणी तर बघण्यासारखी. साक्षीदार म्हणजे रस्त्याकडेचा चहावाला, त्याने 'गाडी भरधाव होती' असं सांगितलेलं. मॅडमनी अगदी गोडीत विचारलं, तेव्हा तुम्ही काय करत होता? पातळभाजीची प्लेट भरत होतो. तोंड कुठे होतं? चुलीकडे. बाहेर कधी आलात? आवाज आल्यावर. बस, पुढे एक शब्द नाही, खाली बसल्या. मला वाटलं अजून का विचारत नाहीत, पण नंतर म्हणाल्या जास्त विचारलं की साक्षीदार चूक सुधारतो.

शेवटी युक्तिवादात सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश हा निकाल मॅडमनी दाखवला. नुसतं 'हाय स्पीड' म्हटल्याने बेदरकारपणा सिद्ध होत नाही, सरकार पक्षाने तो दाखवावा लागतो. दीड वर्ष, अकरा तारखा, आणि निर्दोष.

आता तो एक स्टार. ज्युनियर. दोन तारखांना मॅडम दुसऱ्या कोर्टात होत्या तर ज्युनियर आले आणि फाईल तिथे उभं राहून वाचत होते, मलाच विचारतात स्कूटर कुठल्या बाजूने आली. व्हॉट्सॲपवर निळी टिक पडते पण उत्तर तारखेच्या आदल्या रात्री दहाला. मी रजा टाकून बसलेला असतो, माझा जीव टांगणीला. फी २२ हजार, तीन हप्त्यांत घेतली, ठरली तेवढीच, वरखर्चाच्या नावाखाली काही काढलं नाही, पण पावती तीन वेळा मागावी लागली.

महागात गेलं का? मेहुण्याच्या हिशोबाने हो. दरवाजा अजून तसाच आहे, डेंटसकट. निकालाची सर्टिफाईड कॉपी मात्र लगेच अर्ज करून घेतली, त्याची आठवण ऑफिसने स्वतःहून केली, कतारच्या फाईलला लावलीय.

कोण जाणार असाल तर समन्स, एफआयआरची कॉपी, लायसन्स, आरसी, इन्शुरन्स आणि अपघाताच्या दिवशीचे मोबाईलमधले फोटो असतील तर सगळे न्या, डिलीट करू नका, माझे दोन फोटो मुलाने स्टोरेज फुल्ल म्हणून उडवलेले. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वयस्कर कोणी असेल तर आधी फोन करा, मॅडम खाली येऊन भेटतात.