'ब्रँड न्यू डे'च्या आधी काय बघायचं, टोबीचे तीन की टॉमचे तीन?

स्पायडरमॅनचा पुढचा पिक्चर 'ब्रँड न्यू डे', त्याची तारीख ३१ जुलै २०२६ जाहीर झालीये, आणि त्याच्या आधी सगळं एकदा नीट बघून घ्यायचंय पण सुरुवात कुठून करू, जुन्या तीन पिक्चरमधल्या स्पायडरमॅनपासून, म्हणजे टोबी मॅग्वायरपासून, की नवीन तीनमधल्या टॉम हॉलंडपासून, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू. सगळे सहा बघायला वेळ असेल तर प्रश्नच मिटला. पण बहुतेकांकडे एखादा वीकेंड असतो, आणि मग निवडावंच लागतं. मी ही निवड दोनदा केली. एकदा स्वतःसाठी आणि एकदा धाकट्या मावसभावासाठी, ज्याने यातलं काहीच धड बघितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझं मत त्या दुसऱ्या वेळेला बनलं. पुढे कथा उघड केलीये, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

मूळ कॉमिक्सशी जास्त इमानदार कोण, हा वाद फॅन लोकांमध्ये कायम चालतो, तो आधी बाजूला ठेवतो कारण त्यातून निवड होत नाही. टोबीच्या मनगटातून जाळं आपोआप निघतं, कॉमिक्समध्ये पीटर, म्हणजे स्पायडरमॅनच, जाळं सोडायचं यंत्र स्वतः बनवतो, त्यामुळे तिथे टॉम जवळचा. वयाच्या बाबतीतही टॉमच, कारण १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी उभा केलेला पीटर शाळकरी पोरगाच होता आणि टॉम खरंच तसा दिसतो, वागतो, गडबडतो. पण पीटरच्या हलगर्जीमुळे जीव गेलेला त्याचा बेनकाका टॉमच्या पिक्चरमध्ये कुठेच दिसत नाही, आणि पीटरचं सगळं आयुष्य ज्या अपराधी भावनेवर उभंय ती तिथूनच येते ना. म्हणजे दोघांनी थोडं घेतलं, थोडं सोडलं. अँड्र्यू गारफिल्डचे दोन पिक्चर (२०१२ आणि २०१४) या तुलनेत धरत नाहीये, ते वाईट आहेत म्हणून नव्हे, ती गोष्ट अर्धवटच थांबली म्हणून.

आता टॉमची बाजू, कारण तिला कमी लेखायचं नाहीये मला. त्याच्या पहिल्या 'होमकमिंग'मधला गाडीतला सीन मी कितीही वेळा बघू शकतो. पीटर डान्सला न्यायला मैत्रिणीच्या दारात उभा, दार उघडतो तिचा बाप आणि तो निघतो व्हल्चर, म्हणजे पिक्चरचा व्हिलनच. मग तिघं गाडीत, मायकल कीटन गाडी चालवतोय, आरशातून मागे बघतोय, मुलगी सहज काहीतरी बोलून जाते, आणि त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत जाते. सिग्नल लाल असतो. मग हिरवा होतो, तो हिरवा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडतो, आणि गाडी हलतच नाही. एकही ठोसा नाही, एकही इमारत पडत नाही, तरी श्वास रोखून बघतो आपण. सुपरहिरो पिक्चरमधले व्हिलनचे सगळ्यात चांगले सीन काढले तर हा मी फार वर ठेवेन. शिवाय टॉम, झेंडाया आणि जेकब बॅटलन यांची मैत्री खरी वाटते, विनोद जमतात, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वेग सवयीचा वाटतो. टोबीचा पहिला पिक्चर २००२ चा, तेव्हाचं कंप्युटरवरचं काम काही ठिकाणी आज रबरासारखं दिसतं, ते मान्य करायलाच हवं.

मग अडलं कुठे? रिमोटवर.

मावसभावाला आधी टॉमचे तीन दाखवायचे असं मीच ठरवलं होतं, म्हटलं नवीन आहेत, त्याला आवडतील. 'होमकमिंग' तसा बराच गेला. व्हल्चरचा राग कशामुळे, तर २०१२ च्या 'अव्हेंजर्स'मधल्या लढाईचा मलबा उचलायचं त्याचं कंत्राट काढून घेतात म्हणून, पण ते पिक्चर सुरुवातीलाच दाखवतो त्यामुळे निभावलं. (त्यानंतर 'आठ वर्षांनंतर' अशी पाटी येते जिचा हिशोब मार्व्हलच्याच बाकीच्या वर्षांशी बसत नाही आणि त्यावर फॅन अजून भांडतात, पण नवीन माणसाला त्याचं काही नसतं.) पण टोनी स्टार्कने (म्हणजे आयर्न मॅनने) याला सूट कधी दिला, हा जर्मनीत कोणाशी लढून आला, हे विचारून झालंच, कारण ते सगळं २०१६ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये आहे.

खरी पंचाईत दुसऱ्या, 'फार फ्रॉम होम'ला झाली. सुरू होतानाच शाळेतल्या मुलांनी बनवलेला श्रद्धांजलीचा व्हिडिओ, टोनी स्टार्क, कॅप्टन अमेरिका, ब्लॅक विडो, व्हिजन. "दादा, हे सगळे मेले? कधी?" पॉज. मग कळतं की अर्धी शाळा पाच वर्षं गायब होती आणि परत आली तेव्हा वय तेवढंच. पॉज. मग तो चष्मा, जो टोनीने पीटरसाठी ठेवलाय. पॉज. आणि मग बारमधला तो मोठा सीन जिथे व्हिलन मिस्टेरियोचं खरं रूप उघडं पडतं, जो या पिक्चरचा कणा आहे, तिथे त्याचा राग कशावरून तर 'सिव्हिल वॉर'मध्ये टोनीने एका होलोग्रामच्या तंत्राचं प्रेझेंटेशन केलेलं ते मुळात याने बनवलेलं म्हणून, आणि त्याच्या टोळीतला एक इंजिनिअर तर २००८ च्या पहिल्या 'आयर्न मॅन'मध्ये बॉसच्या शिव्या खाणारा तोच माणूस आहे. पिक्चर जुन्या क्लिपा दाखवतो, मान्य, पण दाखवणं आणि माहीत असणं यात फरक पडतो. मला त्या सीनला मजा आली, भाऊ मात्र माझ्या तोंडाकडे बघत होता. त्या संध्याकाळी दोन तासांचा पिक्चर संपायला तीन तासांच्या वर गेले असतील, मी घड्याळ लावलं नव्हतं पण जेवायची वेळ टळून गेली एवढं नक्की आठवतंय. आणि वेळेपेक्षा जास्त वाईट हे की शेवटी पीटर पुलावर मिस्टेरियोसमोर एकटा उभा राहतो तेव्हा भावाला काही वाटलंच नाही, कारण तोपर्यंत तो परीक्षेच्या मूडमध्ये गेला होता.

कोणी म्हणेल की मग आधी 'सिव्हिल वॉर', 'इन्फिनिटी वॉर', 'एंडगेम' दाखवायचे. बरोबर आहे, पण मग तीनचे सहा झाले आणि वीकेंड संपला. ज्यांनी हे सगळं त्या त्या वर्षी थिएटरात बघितलंय त्यांना ही अडचण जाणवणारच नाही, मलाही तोवर जाणवली नव्हती.

पुढच्या वीकेंडला टोबीचे लावले. रिमोट टेबलावर पडून राहिला.

दिग्दर्शक सॅम रायमीच्या या तिन्हीत बाहेरचं काहीच लागत नाही. जे कळायचं ते समोरच घडतं. आणि दुसरा पिक्चर, २००४ चा, तो तर मला आजही या सगळ्यांत वरचा वाटतो, कोणाला जुन्या आठवणींची माया वाटेल, असेलही थोडी, पण तो पिक्चर बघा तुम्ही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं पीटरचं नुसतं हाल होणं आहे. पिझ्झा वेळेवर पोचत नाही, नोकरी जाते, खोलीचं भाडं थकलंय, घरमालक दारात, धुवायला टाकलेल्या सूटचा रंग पांढऱ्या कपड्यांना लागतो. वाढदिवसाला मेकाकूच्या घरी जातो तर तिचंच घर जप्तीला आलेलं. आणि ती त्याला वीस डॉलरची नोट देते. तो नको म्हणतो. ती एकदम चिडते, घे म्हणते, जास्त नाहीये पण घे, आणि मग लगेच रडायला लागते, बेनची आठवण येते म्हणते. अर्ध्या मिनिटाचा सीन असेल. माझा भाऊ, जो 'फार फ्रॉम होम'मध्ये पाणी प्यायला चारदा उठला होता, तो इथे गप्प बसून होता.

आणि मग ती सुसाट ट्रेन, जी तो स्वतःच्या अंगाच्या जोरावर थांबवतो. तिच्याबद्दल इतकं बोललं गेलंय की मी एवढंच सांगतो, थांबवल्यानंतरचा भाग बघा, जिथे लोक त्याला डोक्यावरून हातोहात आत नेतात आणि खाली ठेवल्यावर कोणीतरी म्हणतं की अरे हा तर पोरगा आहे. दोन मुलं मास्क आणून देतात. न्यूयॉर्कचा हिरो म्हणजे काय ते मला तिथे कळतं.

तिसरा, २००७ चा, गर्दीचा आहे. तीन व्हिलन, त्यातला व्हेनम घाईत उरकलेला, पीटरचे नखरे लांबलेले. पण सँडमॅन वाळूतून उभा राहतो तो सीन, कणाकणाने माणूस बनतो, मुलीचं लॉकेट उचलायला जातो आणि हातच विरघळतो, तेवढ्यासाठी तरी बघा. वेळ नसेल तर तिसरा सोडलात तरी चालेल असं माझं मत, पहिले दोन सोडू नका.

इथपर्यंत कोणी म्हणेल की ठीक आहे, पण येणारा पिक्चर टॉमचा आहे, मग टोबी कशाला? मलाही आधी तसंच वाटायचं. पण टॉमच्या तिसऱ्या, 'नो वे होम'चा शेवट आठवा. सगळं जग पीटरला विसरलंय, मेकाकू गेलीये, टोनीचा पैसा नाही, सूट नाही. एक रिकामी खोली, घरमालक सांगतो भाडं एक तारखेला, उशीर करू नकोस. शिवणयंत्रावर स्वतः शिवलेला सूट, बाहेर बर्फ. प्रेयसी एमजेला सगळं सांगायला म्हणून कॉफीच्या दुकानात जातो आणि न सांगताच परत येतो. हे कुठे बघितलंय आपण? हा २००४ चाच पीटर आहे की! स्वतःचे तीन आणि वर सांगितलेले बाकीचे तीन अशा सहा पिक्चरमध्ये इकडेतिकडे फिरून टॉमचा पीटर शेवटी तिथेच येऊन पोचलाय जिथे टोबीचा सुरुवातीपासून होता, आणि नवीन पिक्चर तिथूनच उचलणार. म्हणून मला तरी वाटतं की ३१ जुलैची खरी तयारी म्हणजे रायमीचा दुसरा भाग.

पुढच्याबद्दल माझ्या मनात थोडी धाकधूक आहे ते पण सांगतो. दिग्दर्शक बदललाय, जॉन वॉट्सच्या जागी डेस्टिन डॅनियल क्रेटन, ते मला चांगलं वाटतंय. पण मार्व्हलचे दुसरे हिरो, जॉन बर्नथलचा पनिशर आणि मार्क रफलोचा हल्क, दोघंही असणार आहेत, आणि पनिशर मुळात 'डेअरडेव्हिल' सिरीजमधून आलेला, म्हणजे पुन्हा कोणीतरी कोणाला तरी पॉज करून सांगणार. गल्लीतला स्पायडरमॅन परत येतोय असं म्हणून फॅन खूश आहेत, मीही आहे, फक्त पाहुण्यांच्या गर्दीत तो हरवू नये एवढंच.

तर कोणी काय करावं. मार्व्हलचं सगळं आधीच बघून झालंय, नुसती उजळणी करायचीये, तर 'नो वे होम' एकटा पुरे. घरात लहान मुलं आहेत आणि हसतखेळत बघायचंय, तर 'होमकमिंग'पासून बिनधास्त सुरू करा, मी अडवणार नाही. ॲनिमेशन आवडत असेल तर 'इन्टू द स्पायडर-व्हर्स' वेगळाच आनंद आहे, पण त्याचा दुसरा भाग ऐन मोक्यावर थांबतो आणि तिसरा २०२७ मध्ये येणार, तेवढी वाट बघायची तयारी ठेवा. पण कोरी पाटी असेल आणि एकच वीकेंड असेल, तर टोबीचे पहिले दोन आणि मग थेट 'नो वे होम'. मधलं थोडं मी तोंडी सांगितलं तरी चालतं, पाच मिनिटांचं काम आहे.

भावाला मी शेवटी असंच दाखवलं. 'नो वे होम'मध्ये टोबीचा पीटरही येतो, आणि शेवटाकडे त्याच्या दुसऱ्या पिक्चरचा व्हिलन डॉक्टर ऑक्टोपस आणि टोबी समोरासमोर येतात, ऑक्टोपस विचारतो कसा आहेस, आणि टोबी म्हणतो, सुधारायचा प्रयत्न करतोय. २००४ मध्ये पहिल्या भेटीत ऑक्टोपसने त्याला हुशार पण आळशी म्हटलं होतं तेव्हा त्याने हेच उत्तर दिलं होतं. मी काहीच बोललो नाही. भावाने स्वतःच रिमोट उचलला, दहा सेकंद मागे घेतलं आणि परत लावलं.