गोदामाच्या नेटवर्कची तपासणी: काम चोख, बिल मोघम

सावद्याला आमचं केळीचं गोदाम आहे. हिशोबाचा कॉम्प्युटर आमचे सीए जळगावहून रिमोटने उघडायचे. त्यासाठी आधीच्या माणसाने राउटरवर ३३८९ पोर्ट (दुरून कॉम्प्युटर चालवायचा, रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा) सताड उघडा सोडलेला. म्हणून भुसावळच्या एका नेटवर्कवाल्याला बोलावलं.

पोरगा कामाचा. चहा नंतर म्हणाला. मोबाइलच्या नेटवरून, म्हणजे बाहेरून, एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं स्कॅनर) चालवलं. हे पटलं; आतूनच स्कॅन करून 'सगळं ओके' सांगणारे खूप. ३३८९ तर दिसलाच, शिवाय डीव्हीआरचे (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याचे) ८० आणि २३ हे पोर्टही उघडे. २३ म्हणजे टेलनेट, दुरून लॉगिन करायची जुनी, असुरक्षित सोय. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर कंपनीच्या मूळ पासवर्डवर ताब्यात घेतले होते. राउटरचं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) चालू, त्यामुळे डीव्हीआरने हे पोर्ट परस्पर उघडून घेतलेले.

वडील म्हणाले, "नुसता नंबर बदलून टाक ना भो."

"काका, दुसऱ्या नंबरवरही स्कॅनर शोधतोच."

त्याने पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट आतल्या कॉम्प्युटरकडे जाणारी वाट) काढलं, यूपीएनपी बंद केलं, पासवर्ड बदलले आणि राउटरवर वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे किल्लीवाल्यालाच आत घेणारी खासगी वाट) बसवलं. किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे पुन्हा स्कॅन केल्यावर बाहेरून काही दिसलं नाही. सीए साहेब मात्र एक ॲप वाढलं म्हणून कुरकुरतात. कुरकुरू देत.

एक तारा कापतोय तो बिलासाठी. त्यावर फक्त 'नेटवर्क काम'. काय बंद केलं, काय चालू ठेवलं, ही यादी मागितल्यावर व्हॉट्सॲपवर आली.